‘गप्प बसा, प्रार्थना करा’ हे कोणत्या कायद्यात लिहिले आहे?

कॅथोलिक लोकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय मात्र ठरलेला: ‘बिशप हे प्रेषितांचे वारस. त्यांच्याविरुद्ध बोलणे म्हणजे खुद्द प्रभूविरुद्ध बोलणे. पवित्र आत्म्याने त्यांना निवडले आहे, त्यामुळे त्यांचा निर्णय चुकू शकत नाही. चर्च ही लोकशाही नाही. प्रापंचिकांनी (धर्मगुरू नसलेल्या सामान्य श्रद्धावंतांनी) प्रार्थना करावी आणि आज्ञा पाळावी. चर्चमधला वाद चव्हाट्यावर आणणारा शत्रूच्या हाती कोलीत देतो. ज्याला पटत नसेल त्याने दुसरे चर्च शोधावे.’

यातली दोन वाक्ये खरी आहेत, ती आधीच मान्य करतो. बिशप प्रेषितांचे वारस आहेत. आणि चर्च लोकशाही नाही. श्रद्धेची तत्त्वे हात वर करून ठरत नाहीत, ठरूही नयेत. अडचण अशी की या दोन वाक्यांच्या आडून बाकीची सगळी आत घुसतात.

‘त्यांच्याविरुद्ध बोलणे म्हणजे प्रभूविरुद्ध बोलणे’

याला आधार म्हणून लूकच्या शुभवर्तमानातले ‘जो तुमचे ऐकतो तो माझे ऐकतो’ (१०:१६) हे वचन दिले जाते. प्रभूने ते शिष्यांना गावोगाव सुवार्ता सांगायला पाठवताना उच्चारले आहे. चर्चची जागा कोणत्या बिल्डरला द्यावी, शाळेची फी किती असावी, याच्याशी त्याचा संबंध नाही. अंत्युखियात पेत्र चुकतो आहे असे दिसल्यावर पौलाने त्याला तोंडावर विरोध केला, आणि गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात (२:११) तो प्रसंग नोंदवूनही ठेवला. पौल स्वतः प्रेषित होता, त्याला तो अधिकार होता, असे कोणी म्हणेल. मग प्रेषितांच्या कृत्यांचा अकरावा अध्याय काढा. पेत्र बेसुंतींच्या, म्हणजे सुंता न झालेल्या परजातीयांच्या, घरी जेवला म्हणून यरुशलेममधले लोक त्याला जाब विचारतात. पेत्र त्यांना गप्प बसवत नाही; काय घडले ते पहिल्यापासून क्रमाने सांगतो. गंमत म्हणजे इथे जाब विचारणारेच चुकले होते, तरी त्यांना उत्तर मिळाले.

‘पवित्र आत्म्याने निवडले आहे, म्हणून चूक होऊच शकत नाही’

पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झालेल्या कार्डिनल राटझिंगर यांना १९९७ साली बव्हेरियाच्या टीव्हीवर विचारले गेले की पोपची निवड पवित्र आत्माच करतो का. त्यांचे उत्तर साधारण असे होते: अमुकच माणूस निवडा असे आत्मा बोट धरून सांगत नाही, पवित्र आत्म्याने उघडच निवडले नसते असे कितीतरी पोप होऊन गेले. पोपच्या निवडीबद्दल इतके स्पष्ट बोलता येते, तर बिशपांच्या नेमणुकीबद्दल काय? चर्चच्या कायद्याच्या (कॅनन लॉच्या) कलम, म्हणजे कॅनन, ३७७ नुसार नव्या बिशपसाठी नावे सुचवली जातात तेव्हा पोपच्या राजदूताला योग्य वाटल्यास सुज्ञ प्रापंचिकांचेही मत गुप्तपणे घेण्याची तरतूद आहे. मत घेण्याची गरज पडते, कारण चूक होऊ शकते.

आणि कॅनन ७५३ तर सरळच सांगतो की एकेकटे बिशप किंवा बिशपांची परिषद चुकण्याच्या पलीकडे नाहीत. त्याच कॅननमध्ये पुढे असेही आहे की श्रद्धेविषयीची त्यांची शिकवण श्रद्धावंतांनी आदराने मानावी. म्हणजे शिकवण आणि कारभार यांत फरक करावाच लागतो. ख्रिस्ताचे पुनरुत्थान झाले की नाही, यावर माझे ‘वेगळे मत’ असू शकत नाही. धर्मग्रामाची (पॅरिशची) जमीन कोणत्या भावाने गेली, अमुक धर्मगुरूविरुद्धच्या तक्रारीची चौकशी कुठवर आली, यावर असू शकते, आणि असायला हवे.

चिलीतल्या ओसोर्नो शहराची गोष्ट अशा मजकुराखाली कोणी जोडत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. जानेवारी २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी हुआन बारोस यांची तिथे बिशप म्हणून नेमणूक केली. बारोस हे फर्नांडो कराडिमा या धर्मगुरूच्या निकटच्या वर्तुळातले. कराडिमाला लहान मुलांवरील लैंगिक अत्याचारांबद्दल व्हॅटिकनने २०११ मध्येच दोषी ठरवले होते. हे अत्याचार बारोस यांच्यासमोर घडले, असे पीडितांचे म्हणणे होते. बारोस यांनी ते कायम नाकारले. मार्चमध्ये त्यांचा पदग्रहण सोहळा झाला, तेव्हा ओसोर्नोचे शेकडो लोक काळे कपडे घालून निषेधाला कॅथेड्रलमध्ये जमले. हे चर्चचे वैरी नव्हते. रविवारी मिस्साला येणारीच माणसे होती.

त्यांना काय मिळाले? उलट बोलणी खावी लागली. ओसोर्नोचे लोक मूर्ख आहेत, डाव्यांच्या नादाला लागले आहेत, अशा अर्थाचे पोप फ्रान्सिस यांचे त्याच वर्षीचे बोलणे व्हिडिओतून बाहेर आले. जानेवारी २०१८ मध्ये इकिके शहरात ते पत्रकारांना म्हणाले की बारोस यांच्याविरुद्ध एकही पुरावा नाही, सगळी बदनामी आहे. आपल्या गटातला मजकूर खरा असता, तर गोष्ट इथेच संपली असती. पण लोक गप्प बसले नाहीत. गदारोळ इतका झाला की पोपनी माल्टाचे आर्चबिशप चार्ल्स शिक्लूना यांना चौकशीला पाठवले. त्यांनी ६४ जणांच्या साक्षी घेतल्या. अहवाल सुमारे २३०० पानांचा झाला. एप्रिल २०१८ मध्ये पोपनी चिलीच्या बिशपांना पत्र लिहून कबूल केले की परिस्थिती जोखण्यात आपल्या गंभीर चुका झाल्या, खरी आणि समतोल माहिती आपल्यापर्यंत पोचली नाही. मे महिन्यात रोमला आलेल्या चिलीच्या बिशपांनी एकत्र राजीनामे देऊ केले. ११ जून २०१८ रोजी बारोस यांचा राजीनामा स्वीकारला गेला.

पोपपर्यंत माहिती का पोचली नाही, हा यातला खरा प्रश्न आहे. ती ओसोर्नोच्या रस्त्यावर तीन वर्षे उभी होती. ज्यांच्या हाती फलक होते त्यांनी गप्प बसून फक्त प्रार्थना केली असती, तर पोपची चूक पोपलाही कधी कळली नसती.

‘प्रापंचिकांनी फक्त प्रार्थना करावी आणि आज्ञा पाळावी’

हे मत जुने आहे. पोप नववे पायस यांच्या दरबारातले मॉन्सिन्योर जॉर्ज टॅलबट यांनी १८६७ साली इंग्लंडमधले धर्मगुरू जॉन हेन्री न्यूमन यांच्या विरोधात तक्रार करताना लिहिले होते की प्रापंचिकांचा प्रांत म्हणजे शिकार, नेमबाजी आणि मेजवान्या. चर्चच्या कारभारात नाक खुपसण्याचा त्यांना काडीचा अधिकार नाही. (न्यूमन पुढे कार्डिनल झाले. टॅलबट यांच्या रागाचे कारण न्यूमन यांनी १८५९ मध्ये लिहिलेला लेख, ज्यात त्यांनी चौथ्या शतकातले उदाहरण दिले होते: ख्रिस्ताचे पूर्ण देवत्व नाकारणाऱ्या एरियसच्या पाखंडाच्या काळात अनेक बिशप डळमळले, सामान्य श्रद्धावंत मात्र ठाम राहिले.) टॅलबट आज फक्त या वाक्यासाठी आठवले जातात. न्यूमन २०१९ मध्ये संत झाले.

आता कायदा पाहा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या मुख्य दस्तऐवजात, परिच्छेद ३७ मध्ये, आपले ज्ञान आणि योग्यता यानुसार मत मांडणे हा प्रापंचिकांचा हक्क, आणि कधीकधी कर्तव्यही, असल्याचे म्हटले. १९८३च्या कॅनन लॉमध्ये तेच कॅनन २१२ म्हणून आले. त्याच्या पहिल्या भागात बिशपांची आज्ञा पाळा असे आहे, हे दडवायचे कारण नाही. तिसऱ्या भागात मात्र दोन हक्क आहेत: आपले मत धर्मपालांना, म्हणजे बिशपांसारख्या चर्चच्या अधिकाऱ्यांना, सांगण्याचा, आणि ते इतर श्रद्धावंतांनाही कळवण्याचा. दुसरा हक्क वाचून अनेकांना आश्चर्य वाटते. अटी तीन: श्रद्धा आणि नीती यांना धक्का लागू नये, धर्मपालांविषयी आदर असावा, समाजाचे हित आणि माणसांची प्रतिष्ठा यांचे भान असावे.

पैशांबद्दल कायदा आणखी नेमका आहे. श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना द्यावा, असे कॅनन १२८७ सांगतो. प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती हवी (५३७), धर्मप्रांतातही (बिशपांच्या अखत्यारीतल्या सगळ्या प्रदेशासाठी) हवी, आणि तिच्यात अर्थव्यवहार व दिवाणी कायदा यांतले जाणकार हवेत (४९२). मोठ्या, नेहमीच्या नसलेल्या व्यवहाराला बिशपांना या समितीची संमती लागते. नुसते ‘विचारले’ भागत नाही. चर्चची मालमत्ता सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडेही हिशेब जातात. म्हणजे हिशेब मागणारा काही बंड करत नसतो. वित्त समितीच्या बैठकीत चहा पिऊन सही करणारे सदस्यच खरे तर कॅनन मोडत असतात.

‘निर्णय झाला, आता काही होऊ शकत नाही’

हे वाक्य मजकुरात नसते, पण त्याखालच्या चर्चेत हमखास येते. तेही खोटे आहे. बिशपांच्या लेखी आदेशाविरुद्ध दाद मागण्याची पद्धत कॅनन १७३२ पासून पुढे दिली आहे. आदेश कळल्यापासून दहा दिवसांत, कामकाजाला योग्य असे दिवस मोजून, खुद्द बिशपांनाच लेखी विनंती करायची की हा निर्णय मागे घ्या किंवा बदला. ते तीस दिवस उत्तर देत नाहीत किंवा नकार देतात, तर पुढच्या पंधरा दिवसांत वरच्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुधा रोमला, जाता येते. बहुतेक लोक इथेच हरतात. ते आधी घोषणा देतात, मग सह्यांची मोहीम, मग चारजणांचे शिष्टमंडळ, आणि दहा दिवस केव्हाच निघून गेलेले असतात.

अमेरिकेतल्या क्लीव्हलंड धर्मप्रांतात बिशप रिचर्ड लेनन यांनी २००९-१० मध्ये सुमारे ५० धर्मग्राम बंद किंवा विलीन केले. काही धर्मग्रामांच्या लोकांनी रीतसर अपील केले. मार्च २०१२ मध्ये रोमच्या धर्मगुरूविषयक विभागाने १३ धर्मग्रामांबाबतचे निर्णय रद्द केले, कारण कॅनन लॉची कार्यपद्धती पाळली गेली नव्हती. लेनन यांनी त्याविरुद्ध पुढे न जाण्याचे ठरवले. चर्चची दारे पुन्हा उघडली. मिरवणूक काढून हे झाले नसते. तारखा पाळून झाले.

‘चव्हाट्यावर आणणारा शत्रूच्या हाती कोलीत देतो’

संपूर्ण मजकुरातला हा एकच मुद्दा मला खरोखर अस्वस्थ करतो. भारतात आपण मूठभर आहोत. प्रार्थनासभांवर हल्ले होतात, धर्मांतराच्या नावाखाली गुन्हे नोंदवले जातात, आणि चर्चमधले प्रत्येक भांडण कुणाच्या तरी प्रचाराला उपयोगी पडते. म्हणून पहिले पाऊल बंद दाराआडच असावे. प्रभूनेही मत्तयच्या अठराव्या अध्यायात तोच क्रम सांगितला: आधी एकट्याला गाठून, मग दोघातिघांसह, मग मंडळीपुढे. पण तिसरी पायरीही त्यानेच सांगितली आहे.

शिवाय काही गोष्टींत पहिल्या पायरीवर थांबणे हाच गुन्हा आहे. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यावर पोलिसांना कळवणे २०१२च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार प्रत्येकाला बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा. बिशप हाउसच्या फोनची वाट पाहण्याची सवलत त्यात नाही. बॉस्टनमध्ये धर्मगुरूंच्या अशा अत्याचारांची लपवाछपवी वर्षानुवर्षे चालली, २००२च्या जानेवारीत ती वर्तमानपत्रात आली आणि डिसेंबरमध्ये तिथले आर्चबिशप कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना पद सोडावे लागले. शत्रूला कोलीत देणारे तिथे तोंड उघडणारे नव्हते.

मात्र बोलणाऱ्यांचा आवाज कुठे फाटतो, हेही सांगितले पाहिजे. केरळात सिरो-मलबार कॅथोलिक चर्चच्या एर्नाकुलम-अंगमाली आर्चडायोसिसमध्ये (आर्चबिशपांच्या धर्मप्रांतात) मिस्सा अर्पण करताना धर्मगुरूने वेदीकडे तोंड करावे की लोकांकडे, यावर वाद झाला. त्या चर्चच्या सिनडने (बिशपांच्या सभेने) २०२१ मध्ये एकसमान पद्धत लागू केली; विरोधकांची बाजू ऐकून घेण्यासारखी होती, पन्नास वर्षांची सवय काही हट्ट नसते. पण २०२२च्या नाताळच्या तोंडावर सेंट मेरीज बसिलिकात वेदीभोवतीच धक्काबुक्की झाली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पोपच्या प्रतिनिधीवर अंडी फेकली गेली. त्या दिवसापासून वादाचा विषय मिस्सा राहिला नाही, अंडी झाली. आपला इतिहासही फार सोवळा नाही. मुंबईत १७९४ पासून १९२८ पर्यंत कॅथोलिकांवर दोन सत्ता होत्या, एक गोव्याच्या पाद्रोआदोची, म्हणजे पोर्तुगीज राजाच्या आश्रयाखालची, आणि एक प्रोपगांडाची, म्हणजे रोमच्या धर्मप्रसार विभागाची. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चच्या ताब्यावरून प्रोपगांडाचे बिशप हार्टमन आत आणि विरोधक बाहेर, असा वेढा कित्येक दिवस चालला. बिशपांशी असहमत असणे आपल्याकडे नवीन नाही. ते नीट करणे नवीन आहे.

आता कुणी कॅनन १३७३ पुढे करेल: बिशपांविरुद्ध जाहीरपणे द्वेष भडकवणाऱ्याला दंड आहे ना? आहे. दंड द्वेषाला आहे, प्रश्नाला नाही. फेसबुकवर बिशपांच्या व्यंगचित्राला माळ घालून ते फिरवणाऱ्याने तो कॅनन जरूर वाचावा. हिशेब मागणाऱ्याला घाबरायचे कारण नाही.

‘पटत नसेल त्याने दुसरे चर्च शोधावे’

शोधावे कशाला? धर्मप्रांत बिशपांच्या मालकीचा नाही आणि प्रापंचिक तिथे भाडेकरू नाहीत. संस्कार मिळण्याचा हक्क (कॅनन २१३) बाप्तिस्म्याने येतो. बिशपांच्या मर्जीने येत नाही आणि मर्जी गेली म्हणून जातही नाही. आणि क्लीव्हलंडच्या लोकांनी हा सल्ला मानून दुसरे चर्च शोधले असते, तर रोमला अपील करायला कोणी उरलेच नसते.