राइडमधले संवाद सरकत्या माणसासाठी लिहा

थीम पार्कच्या नव्या राइड्समधले देखावे, पडदे आणि यांत्रिक बाहुल्या बघून थक्क व्हायला होतं. बाहुल्यांच्या पापण्यासुद्धा खऱ्यासारख्या लवतात. पण तोंड उघडलं की जगभर तीच चार वाक्यं ऐकू येतात: "काहीतरी बिघडलंय!", "लवकर, इकडून!", "घट्ट धरून बसा!" आणि शेवटी "तुमच्यामुळे आपण वाचलो!" लिहिणारे कमी कुवतीचे आहेत असं मला वाटत नाही. सिनेमासाठी लिहायची पद्धत उचलून राइडमध्ये घातली जाते आणि ऐकणारा माणूस एका जागी बसलेला नाही, तो सरकतोय, हे विसरलं जातं. खरी गोची तिथे आहे.

हिशेब करून बघा. बोट सेकंदाला अर्धा मीटर सरकते आणि देखावा १० मीटर लांब आहे असं धरू. म्हणजे हातात २० सेकंद. स्पष्ट बोलायचं तर सेकंदाला दोन शब्द, एकूण चाळीस. त्यात पाण्याचा आवाज, मोटरची घरघर, पुढच्या बोटीतल्या किंकाळ्या आणि शेजारच्या देखाव्यातून गळणारा आवाज. पंधरा शब्द नीट पोचले तरी पुष्कळ झालं. शिवाय संवाद जर लूपवर, म्हणजे संपला की पुन्हा पहिल्यापासून, वाजत असेल, तर बोट नेमक्या कुठल्या शब्दाला आत शिरेल हे कुणाच्याच हातात नसतं. सुरुवात, मध्य, शेवट अशी रचलेली बोलणी इथे हमखास तुटतात.

कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये १९६७ साली सुरू झालेली पायरेट्स ऑफ द कॅरिबियन ही राइड या अडचणीचं अजूनही सर्वांत चांगलं उत्तर आहे. तिची संहिता लिहिणारे एक्स अटेन्सियो मूळचे ॲनिमेटर, संहिता लिहायची ही त्यांची पहिलीच वेळ. लिलावाच्या देखाव्यात सगळ्यांचं बोलणं एकमेकांत मिसळतंय, शब्द कळत नाहीत, याची त्यांना काळजी वाटली. त्यावर वॉल्ट डिस्नेंनी दिलेलं उत्तर अटेन्सियोंनी नंतर सांगितलं आहे: पार्टीत फिरताना असंच इथलं थोडं, तिथलं थोडं कानावर पडतं, आणि लोक पुन्हा आले की त्यांना काहीतरी नवीन ऐकू येईल. त्या राइडमधलं कुठलंही वाक्य एकटं उचला, उभं राहतं. लिलाव चाललाय हे डोळ्यांना आधीच कळलेलं असतं. शब्दांवर फक्त स्वभाव दाखवायची जबाबदारी उरते.

तिथली बोलकी कवटीही बघण्यासारखी आहे. बोटीला पार्कच्या रेल्वेरुळांखालून जाऊन पलीकडच्या मोठ्या इमारतीत पोचायचं असतं, म्हणून पाण्याच्या घसरणी बांधाव्या लागल्या. पहिल्या घसरणीच्या तोंडाशी ही कवटी प्रवाशांना सावध करते. सुरक्षेची सूचना, बांधकामाची गरज आणि गोष्टीतली धमकी, तिन्ही कामं एका पात्राने उरकली. १९६९ च्या हॉन्टेड मॅन्शन या भुताच्या वाड्याच्या राइडमध्येही हेच. सुरुवातीची, भिंती उंच ताणत जाणारी खोली डिस्नेलँडमध्ये खरं तर खाली उतरणारी लिफ्ट आहे, आणि यजमान भुताचं भाषण लिफ्टच्या प्रवासाएवढंच लांब आहे. राइड मध्येच थांबली तरी खट्याळ भुतांनी सफर अडवली आहे, जागेवरच बसून राहा, असं तोच यजमान सांगतो. यंत्र अडकणार हे गृहीत धरून त्यासाठीचं वाक्यही संहितेतच लिहून ठेवलेलं. या शिस्तीची मला मनापासून कदर वाटते. आजही अनेक राइड्समध्ये गाडी थांबली की पात्राचं तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाजतं, नाहीतर कर्मचाऱ्याची कोरडी घोषणा होते, आणि दोन्हींत गोष्ट तिथल्या तिथे मरते.

हॉन्टेड मॅन्शनमधल्या गाड्या न थांबणाऱ्या साखळीसारख्या एकापाठोपाठ सरकतात. प्रत्येक गाडीत स्वतःचे स्पीकर आहेत. त्यामुळे निवेदकाचा आवाज जवळून, अगदी कानाशी येतो आणि देखाव्यातले आवाज लांबून. निवेदन गाडीत आणि गजबज बाहेर ही विभागणी जिथे पाळली जाते तिथे ऐकणाऱ्याला ताण पडत नाही. दोन्ही एकाच स्पीकरमधून आले की कालवा.

नव्या राइड्समध्ये बहुधा गाडी आल्यावरच देखावा सुरू होतो, त्यामुळे पूर्ण वाक्य ऐकवणं शक्य झालं. या सोयीनेच घात केला असं माझं मत आहे. वेळ मिळाला की लेखक समजावून सांगायला लागतो. युनिव्हर्सलच्या ट्रान्सफॉर्मर्स राइडमध्ये आपण बसतो ती गाडी हेच एक पात्र आहे आणि ते जवळजवळ सतत बोलतं: कोण आलं, काय वाचवायचं, आता कुठे वळायचं. पडद्यावर तेच दिसत असतं, गाडीही त्याच दिशेला हिसके देते. कान, डोळे आणि पाठ तिघांनाही एकच बातमी.

बिघाडाची कल्पना मुळात वाईट नव्हती. स्टार वॉर्स सिनेमांवरच्या १९८७ च्या स्टार टूर्स राइडमध्ये यानाचा चालक, रेक्स नावाचा यंत्रमानव, पहिल्यांदाच उड्डाण करत होता. त्याची घाबरगुंडी हाच त्याचा स्वभाव आणि तेच गोष्टीचं इंजिन. नंतरच्यांनी बिघाड तेवढा उचलला. चूक करणारं पात्र मागेच राहिलं.

उतार असलेल्या राइडमध्ये तर संवादाला एकच मोठं काम असतं: पडण्याआधी पोटात गोळा आणणं. फ्लोरिडातल्या स्प्लॅश माउंटनमध्ये चढावर बसलेली दोन गिधाडं ते काम चोख करायची. त्या राइडचा आधार असलेल्या चित्रपटावर वंशवादी चित्रणाचा आक्षेप होता आणि ती बदलली हे योग्यच झालं. पण २०२४ साली त्या जागी आलेल्या टियानाज बायू ॲडव्हेंचरमध्ये सगळी पात्रं गोड, उत्साही आणि एकमेकांना दाद देणारी आहेत. सुमारे ५० फुटांच्या उडीचं कारण काय, तर जादूने लहान झालेले आपण पुन्हा मूळ आकाराचे होतो. बाहुल्या अप्रतिम आहेत, डोळे हटत नाहीत. पण धोकाच नाही, त्यामुळे उडी गोष्टीतून येत नाही, फक्त पाण्याच्या पाटाचा उतार येतो.

आजच्या काळात चांगलं काम होतच नाही असं मात्र कुणी म्हणू नये. हाँगकाँग डिस्नेलँडमधलं मिस्टिक मॅनर, २०१३ चं. तिथे कँटनीज, मँडरिन आणि इंग्रजी अशा तीन भाषांचे प्रेक्षक. सुरुवातीला लॉर्ड मिस्टिक थोडक्यात ओळख करून देतो, मग त्याचं माकड जादूची संगीतपेटी उघडतं आणि पुढे बहुतेक सगळी गोष्ट संगीत आणि हालचाल सांगतात. रुळांशिवाय फिरणाऱ्या गाड्या त्या संगीतावरच वळतात. पॅरिसच्या डिस्नेलँडमधल्या फँटम मॅनरमध्ये भयपटांतला नट व्हिन्सेंट प्राइसने इंग्रजी निवेदन केलं होतं. लवकरच त्याजागी फ्रेंच आलं आणि त्याचं हसू तेवढं ठेवलं गेलं. २०१९ मध्ये त्याचा आवाज परत आला. दोन भाषांना वेळ वाटून द्यायचा तर प्रत्येकीला निम्मीच वाक्यं मिळतात, हे संहिता लिहितानाच धरून चालावं लागतं.

स्टार वॉर्सवरचीच २०१९ ची राइज ऑफ द रेझिस्टन्स ही राइड मला फार आवडते, कारण तिथे मोक्याचे संवाद जिवंत माणसांच्या तोंडी आहेत. यानाचं दार उघडतं, समोर ५० स्टॉर्मट्रूपर्स, म्हणजे शत्रूचे सैनिक, उभे, आणि शत्रूच्या गणवेशातले कर्मचारी कोरड्या आवाजात रांगेत उभं राहायला सांगतात. गर्दी हलवायला ते वाक्य लागणारच होतं, तेच गोष्टीचं वाक्य झालं.

एक व्यवहाराची गोष्ट बरेचदा सुटते. गोष्टीचा पाया रांगेतल्या प्री-शोमध्ये, म्हणजे राइडआधी दाखवल्या जाणाऱ्या छोट्या प्रसंगात, घातला, तर एकट्याने बसणाऱ्यांच्या वेगळ्या रांगेतून येणाऱ्यांना तो अनेक ठिकाणी दिसतच नाही. म्हणून मूळ पेच राइडच्या पहिल्याच देखाव्यात डोळ्यांना दिसला पाहिजे. नेमबाजीच्या राइड्सना, आपल्याकडे खोपोलीच्या इमॅजिकामधली अलीबाबाची आहे तशा, आणखी एक नियम: नेम धरणारा माणूस ऐकत नाही. तिथे लांब वाक्यं वाया जातात, आरोळ्या आणि नेम लागल्याचे आवाज चालतात.

हे सगळं गणपतीत हलते देखावे करणाऱ्या मंडळांनाही लागू आहे. तिथेही बाहुल्या, ध्वनिमुद्रित संवाद आणि सरकती गर्दी. ध्वनिमुद्रणाला जाण्याआधी दोन चाचण्या करा. संवाद पूर्ण बंद करून देखावा चालवा आणि नवख्या माणसाला गोष्ट विचारा. त्याला गोष्ट सांगता आली नाही तर संवाद वाढवू नका, देखावा बदला. मग जनरेटर आणि मोटरी चालू ठेवून, गर्दी उभी राहते तिथून संवाद वाजवा, आणि त्याला जे शब्द आठवतील तेवढेच संहितेत ठेवा.