‘एकदाही दिसले नाहीत’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

साहेब, नमस्कार. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. कॅमेरे बसवल्यापासून बाहेरून मोबाईलवर एकदाही दिसले नाहीत, तीन दिवस फोन उचलला नाही आणि दुसऱ्या व्हिजिटला ५०० रुपये घेऊन लुबाडलं, असं तुम्ही लिहिलंय. फोनचं खरं आहे. घरात लग्न होतं, फोन दुकानातल्या पोराकडं होता, आणि शेवटी उचलला तेव्हा त्यानं ‘डोमेन संपलंय, नवीन घ्या’ असं ठोकून दिलं. डोमेन, म्हणजे बाहेरून कॅमेरे बघायला टाकायचं इंटरनेटवरचं नाव, संपलेलं नव्हतं. चूक आमची, माफी मागतो.

पण ‘एकदाही’ हा शब्द वाचून त्या रात्री जेवण गेलं नाही. एप्रिलमध्ये कळंब्याला तुमच्या घरी काम संपलं, तेव्हा मी तुम्हाला मोबाईलचं वायफाय बंद करायला लावलं. आपण दोघं कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यापर्यंत चालत गेलो आणि मोबाईल डेटावर डोमेन नेम टाकून चारही कॅमेरे बघितले. गच्चीवरच्या कॅमेऱ्यात वहिनी कुरडया गोळा करताना दिसल्या. तुम्ही लगेच फोन लावून ‘वर बघ, वर बघ’ म्हणालात. चहाचे पैसेही तुम्हीच दिलेत, मला देऊ दिले नाहीत. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला असं घराबाहेर नेऊनच दाखवतो. कारण घरच्याच वायफायवर बसून डोमेन टाकलं, तर बरेच राउटर बाहेरच्या पत्त्यावरून वळून परत आत येऊ देत नाहीत. काम चोख असतं, पण पान उघडत नाही आणि गिऱ्हाईक म्हणतं फसवलं.

ऑगस्टमध्ये बंद पडलं म्हणून मी स्वतः आलो. आल्या आल्या विचारलं, ‘नेटमध्ये काही बदललंय का?’ तुम्ही म्हणालात, ‘काही नाही.’ मग पाऊण तास पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणाऱ्याला राउटरमधून कॅमेऱ्यांपर्यंत वाट देणारं सेटिंग) तपासलं, डीव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याचा, आतला आयपी (नेटवर्कमधला आकडी पत्ता) बघितला, दोनदा बंद-चालू केला. शेवटी राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी बघितला, तर तो १००.७२ नं सुरू होणारा, आणि ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या साइटवर भलताच. तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘हां, मागच्या महिन्यात कनेक्शन बदललं, दीडशे रुपये स्वस्त पडतं.’ साहेब, हे दारातच सांगितलं असतं तर?

१००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ साली खास इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवलेत. जुन्या पद्धतीचे आयपी सगळ्या जगात मिळून ४३० कोटींच्या आत आहेत, ते पुरत नाहीत, म्हणून कंपनी एका खऱ्या पत्त्यामागं कितीतरी घरं बसवते. डोमेन नेमचं काम एवढंच, की पत्ता बदलला की नवा पत्ता नोंदवायचा. ते त्यानं केलंही होतं. पण तो पत्ता आता तुमच्या दाराचा नव्हता, कंपनीच्या गेटचा होता. फ्लॅट नंबर नसलेलं पाकीट वॉचमन कुणाच्या घरात देणार? तुमच्या राउटरमध्ये मी हवे तेवढे पोर्ट उघडले असते तरी गेट कंपनीचंच. हे मी तुम्हाला बिलबुकाच्या पाठीमागं चित्र काढून दाखवलं होतं.

तुम्ही ‘सगळंच उघडून टाका’ म्हणालात, ते मी केलं नाही आणि करणारही नाही. २०१६ साली मिराय नावाच्या व्हायरसनं मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर लाखांनी ताब्यात घेतले होते. तुमचा पासवर्ड मी पहिल्याच दिवशी बदलून दिला होता, त्याचे कुठं पैसे लावले?

आता ५०० रुपये. राजारामपुरीतून कळंब्याला येणं-जाणं, दीड तास काम. कंपनीकडून पब्लिक आयपी, म्हणजे फक्त तुमच्या घराचा खरा पत्ता, मागून घ्या हे सांगितलं आणि तोवर अडायला नको म्हणून डीव्हीआरवरचा क्यूआर स्कॅन करून ॲपवर सगळं चालू करून दिलं. रिव्ह्यू लिहिलात त्या दिवशीही तुम्हाला चारही कॅमेरे दिसत होते. वॉरंटी मालाची आहे, कनेक्शन बदलण्याची नाही, बिलावर छापलंय. अक्षर बारीक आहे, हे मान्य. मोठं करून घेतो. पोरालाही समज दिलीय आणि फोनचं काहीतरी बघतो.

५०० परत हवे असतील तर दुकानात येऊन घेऊन जा, मी एक शब्द बोलणार नाही. स्टारही एकच राहू दे. पण हल्ली गिऱ्हाईक आधी रिव्ह्यू बघतं आणि मग फोन करतं. या आठवड्यात दोघांनी ठरलेलं काम रद्द केलं, त्यातल्या एकानं तुमचंच वाक्य वाचून दाखवलं. ‘एकदाही’ तेवढं काढा. दुकान सकाळी दहा ते रात्री आठ, सोमवारी बंद.