अडचण डायोडाची कमी, उष्णतेची जास्त

डायोड-पंप्ड घन लेसरांची, म्हणजे डायोडांच्या प्रकाशाने स्फटिकाला ऊर्जा पुरवून चालणाऱ्या लेसरांची, शक्ती वाढण्याचे सारे श्रेय त्यांच्यावरील लेखात डायोडांना दिले आहे, ते मला अपुरे वाटते. ८०८ नॅनोमीटरचा डायोड वापरला तरी निओडिमियम-याग (निओडिमियम मिसळलेला यट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेट) स्फटिक १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश देताना शोषलेल्या ऊर्जेचा किमान २४ टक्के भाग उष्णतेत घालवतो, आणि स्फटिकाच्या कांडीचा मध्य कडेपेक्षा अधिक तापल्याने ती भिंगासारखी वागून लेसरची शलाका बिघडवते. निओडिमियमऐवजी यटर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेल्या स्फटिकात ऊर्जेचा हा तोटा बराच कमी असतो. खरी कलाटणी मात्र १९९० च्या दशकात श्टुटगार्टमध्ये आडोल्फ गीझेन आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या पातळ चकतीने दिली: मिलिमीटरहूनही पातळ स्फटिक मागून थंड केल्यामुळे उष्णता शलाकेच्याच दिशेने वाहते, आणि भिंगासारखा परिणाम बराच घटतो. अर्थात, इतक्या पातळ चकतीत डायोडांचा (पंपाचा) प्रकाश एका फेरीत पुरेसा शोषला जात नाही, म्हणून तो आरशांनी पुनःपुन्हा तिच्यावर आणावा लागतो. या खटाटोपाचा उल्लेख लेखात हवा होता.