दहातलं एक मूल 'दुसऱ्याचं': हा आकडा आला कुठून?

'माणूस एकनिष्ठ राहायला बनलेलाच नाही, विज्ञानानं सिद्ध केलं' अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्यात पाच मुद्दे आहेत. निसर्गात जन्मभराची जोडी नसते. पुरुषाचं शरीर अनेक बायकांसाठीच घडलंय. जगातल्या 85 टक्के समाजांत बहुपत्नीत्व चालतं. दर दहा मुलांतलं एक नवऱ्याचं नसतं, तेव्हा प्रत्येक बापानं गुपचूप डीएनए चाचणी करून घ्यावी. आणि एका बायकोचा नियम चर्चनं जगावर लादला. नात्यातल्या, नुकत्याच बाप झालेल्या मुलानं तो मला पाठवला, खाली नुसतं प्रश्नचिन्ह. म्हणून चौथ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. बाकीचे अर्धवट आहेत, हा घर मोडणारा आहे.

पितृत्व तपासणाऱ्या प्रयोगशाळांत येणाऱ्या पुरुषांपैकी साधारण तीस टक्के जण त्या मुलाचे जैविक वडील नसल्याचं निघतं, हे खरं. पण तिथे जातो कोण? ज्याला आधीच संशय आहे किंवा ज्याचा दावा चालू आहे, तो. दवाखान्याच्या रांगेतल्यांचा ताप मोजून सगळं गाव आजारी ठरवण्यातला हा प्रकार. मानवशास्त्रज्ञ करमिट अँडरसन यांनी तोवर प्रसिद्ध झालेले अभ्यास 2006 साली दोन ढिगांत वेगळे केले: 'मूल माझंच' अशी खात्री असलेले पुरुष आणि खात्री नसलेले. पहिल्या ढिगात प्रमाण दोन टक्क्यांच्या आत, दुसऱ्यात तीसच्या आसपास. दोन्ही ढीग एकत्र कालवले की 'दहा'सारखा पाठ करायला सोपा आकडा हाती लागतो.

याहून पक्का पुरावा बेल्जियममधल्या लूवेन विद्यापीठाच्या मार्टेन लार्म्यूसो यांच्या कामात आहे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. त्यांनी जुन्या नोंदींवरून हयात पुरुषांच्या अशा जोड्या शोधल्या, की बाप, बापाचा बाप असं मागे जात दोघांचा पूर्वज एकच लागतो. दोघांचं वाय जुळलं तर मधली साखळी शाबूत. नाही जुळलं तर कुठल्यातरी पिढीत कागदावरचा बाप खरा नव्हता. 2019 च्या अभ्यासात बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या अशा 513 जोड्या होत्या.

आता कागद-पेन घ्या. पूर्वज दहा पिढ्या मागे असेल तर दोन्ही फांद्या मिळून 20 जन्म होतात. दर पिढीला दहा टक्के गडबड असती तर अख्खी साखळी टिकण्याची शक्यता 0.9 चा विसावा घात, म्हणजे जेमतेम 12 टक्के. शंभर जोड्यांपैकी 88 तुटलेल्या निघायला हव्या होत्या, आणि आडनाव व वाय गुणसूत्र यांचा फारसा संबंध उरला नसता. एक टक्का धरला तर 18 तुटतात. प्रत्यक्षातला हिशोब या एक-दीड टक्क्याच्याच आसपास बसतो.

एक गोष्ट मात्र नाइलाजानं मान्य करायला हवी: हा आकडा सगळीकडे सारखा नाही. त्याच अभ्यासात शेतकरी आणि सुस्थितीतल्या कारागिरांत तो एक टक्क्याजवळ होता, पण एकोणिसाव्या शतकातल्या दाटीवाटीच्या शहरांतल्या मजूर-विणकरांत सहा टक्क्यांपर्यंत गेला होता. आणि नामिबियातल्या हिंबा लोकांत 2020 च्या अभ्यासानुसार 48 टक्के. मेसेजवाल्याला हे सापडलं असतं तर त्यानं ठळक अक्षरांत छापलं असतं. पण हिंबांमध्ये विवाहबाह्य संबंधांना समाजाची मोकळीक आहे, आणि कुठलं मूल कुणाचं याची नवऱ्यांना बहुतेक वेळा कल्पनाही असते. तिथे फसवणूकच नाही, मग पकडायचं काय?

'गुपचूप चाचणी'चंही ऐका. या चाचणीत साधारण वीसेक जागी डीएनएच्या छोट्या तुकड्याची पुनरावृत्ती किती वेळा झालीय ते मोजतात. प्रत्येक जागी मुलाकडे दोन आकडे असतात, एक आईकडचा, एक बापाकडचा. आईचा नमुना असेल तर तिचा आकडा बाजूला काढता येतो आणि उरलेला बापाचा ठरतो. गुपचूप चाचणीत आईचा नमुना नसतो, त्यामुळे योगायोगानं जुळणाऱ्या जागा वाढतात. शिवाय बापाकडून मुलाकडे जाताना क्वचित एखाद्या जागी आकडा एकानं कमी-जास्त होतो. याचं प्रमाण जागेगणिक हजारात एक ते चार, म्हणजे वीस जागा मिळून खऱ्या बाप-लेकरांपैकीही शंभरातल्या काही जोड्यांत एक जागा चुकलेली दिसणारच. म्हणून चांगली प्रयोगशाळा एका चुकीवर 'बाप नाही' असं म्हणत नाही. दोन-तीन जागा चुकल्या तरच तसा निष्कर्ष काढते, शंका असेल तर आणखी जागा तपासते. घरी घेतलेला नमुना बिघडतो तो वेगळाच. गालाच्या आतून फिरवलेला बोळा ओलाच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला की बुरशी धरते. बाळानं नुकतंच अंगावरचं दूध प्यायलं असेल तर आईच्या पेशी त्यात येतात. असा अहवाल मध्यरात्री मोबाइलवर एकट्यानं वाचायचा, हा सल्ला देणाऱ्यानं परिणामांचा विचार केलेला दिसत नाही.

उरलेले मुद्दे भराभर. शरीराच्या रचनेबद्दल मेसेज अर्धंच सांगतो. माणसाचा नर मादीपेक्षा थोडा मोठा असतो, हे खरं, आणि त्यावरून पूर्वी थोडीफार चढाओढ असावी असा अंदाज निघतो. पण गोरिलाचा नर मादीच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा असतो. वृषणांचं पाहा. चिंपांझीची मादी अनेक नरांशी समागम करते, त्यामुळे तिथे शुक्राणूंचीच शर्यत लागते. नराचं वजन 45 किलोच्या आसपास आणि वृषणं 120 ग्रॅमची. जनानखाना बाळगणाऱ्या गोरिलाला शर्यतच नाही, म्हणून 170 किलोच्या धुडाला 30 ग्रॅम. माणसाची 40 ग्रॅमच्या आसपास. या आकड्यांतून चिंपांझीसारखं मोकाट जीवन काही निघत नाही.

निसर्गात जोडी नसते? पक्ष्यांच्या साधारण 90 टक्के जाती जोडीनं पिल्लं वाढवतात. त्या घरट्यांत शेजारच्या नराचीही पिल्लं निघतात, इतकं मेसेजचं बरोबर. सस्तन प्राण्यांत जोडीनं राहणाऱ्या जाती दहा टक्क्यांच्या आतच आहेत. पण कॅलिफोर्नियाचा उंदीर आणि दक्षिण अमेरिकेतलं रात्री जागणारं आउल माकड यांची डीएनए तपासणी झाली, तेव्हा पिल्लं जोडीतल्याच नराची निघाली.

85 टक्क्यांचा आकडा खरा आहे, अर्थ खोटा. तो 'परवानगी' मोजतो. परवानगी असलेल्या समाजांतही बहुसंख्य पुरुषांना एकच बायको असते, कारण बायका येणार कुठून? 100 पुरुष, 100 स्त्रिया धरा. दहा जणांनी चार-चार बायका केल्या की 40 स्त्रिया गेल्या. उरलेल्या 60 आणि पुरुष 90. तीस जण कायमचे बिनलग्नाचे. मेसेज पुढे ढकलणारा प्रत्येक जण स्वतःला त्या दहांत धरून चाललाय.

आता चर्च. जोडी जमवणं जुनं आहे. माणसाचं मूल पंधरा-वीस वर्षं दुसऱ्यांनी आणलेल्या अन्नावर वाढतं, एकट्या आईला ते झेपत नाही. 'लग्नाची बायको एकच' हा नियम मात्र वेगळा आणि बराच नंतरचा. तो ग्रीक नगरांत आणि रोममध्ये ख्रिस्ताच्या आधीपासून होता, अर्थात गुलाम स्त्रियांवर मालकाचा हक्क चालूच होता, त्याला कुणी बहुपत्नीत्व म्हणत नसे. चर्चनं तो नियम उचलला, अनौरस मुलांचा वारसा तोडून घट्ट केला, राजेलोकांशी त्यावरून शतकानुशतकं भांडलं. इतकं श्रेय त्याला द्या. पण रोमच्या सत्तेखालच्या कुणालाही दोन बायका करता येणार नाहीत, असं 285 साली बजावणारा सम्राट डायोक्लेशियन होता, आणि 303 साली ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू करणाराही तोच.