तिसरे भोक

पंख्याचा रेग्युलेटर बदलायला आलेल्या वायरमनने ‘स्पीकर चेक’ या नावाखाली दीडशे रुपये वेगळे लावले, याचा राग अद्याप गेलेला नाही.

मी तीन आठवडे इलेक्ट्रिक गिटारच्या एका आवाजाच्या मागे होतो. मला १९७७ च्या लंडनमधला, सेक्स पिस्टल्स या पंक बँडच्या गिटारवादक स्टीव्ह जोन्सचा, जाड आणि उर्मट तरीही सूरन्‌सूर ओळखू येणारा आवाज हवा होता. हाती येत होती ती भाजणी दळणारी गिरणी. अँपचा गेन (येणारा आवाज फुगवून फाडणारी खुंटी) नऊवर, मिडल (मधल्या सुरांची खुंटी) दोनवर आणि अँपच्या आधी लावलेल्या पेडलचा ड्राइव्ह, म्हणजे त्याची आवाज फाडणारी खुंटी, पूर्ण पिळलेला, अशी माझी मांडणी होती. घरी, हळू आवाजात, ती भव्य वाटे. तालमीत ड्रम सुरू झाले की माझी लीडची धून कढीतल्या गोळ्यासारखी तळाशी जाऊन बसे. तारांवरून हात उचलला की घूं असा आवाज येई आणि हात ठेवला की बोटांना हलक्या झिणझिण्या येत, ज्यांना मी कलेचा उन्माद समजत होतो.

“साहेब, स्पीकर फाटलाय,” वायरमन स्टुलावरून म्हणाला.

“फाटलेला नाही. आवाज मुद्दाम फाडला आहे.”

“मुद्दाम?” तो खाली उतरला. द किंक्स या ब्रिटिश बँडच्या गिटारवादक डेव्ह डेव्हिसने १९६४ मध्ये ब्लेडने स्पीकरचा कोन चिरून असाच आवाज काढला होता, हे मी त्याला अभिमानाने सांगितले. त्याने क्षणभर विचार केला आणि विचारले, “घरी वडील नव्हते का त्याचे?”

मला उत्तर सुचले नाही.

“आणि हे घूं? तेही मुद्दामच?” असे म्हणत त्याने टेस्ट लॅम्पची एक वायर सॉकेटच्या फेजला आणि दुसरी न्यूट्रलला लावली, तेव्हा दिवा लागला. मग दुसरी वायर वरच्या मोठ्या भोकात घातली. दिवा ढिम्म. “अर्थिंगच नाही. हे तिसरं भोक शोभेचं आहे, साहेब.”

गेनला आवडनिवड नसते. तो सुरांबरोबर रेग्युलेटरची करकर वाढवतो आणि बिल्डरची लबाडीही वाढवून ऐकवतो. बारा वर्षे मी या सदनिकेचे हप्ते भरतो आहे, आणि गीझर, फ्रिज, वॉशिंग मशीन अशाच शोभेच्या भोकांवर चालले आहेत. नंतर मी तक्रार केली, तेव्हा सोसायटीच्या सचिवांचे लेखी उत्तर आले, ते असे: “आजवर कोणाचीही तक्रार नाही. आपण गिटार हळू वाजवावी.” हळू वाजवल्याने अर्थिंग कोठून येते, याचा खुलासा पत्रात नाही.

त्या दिवशी तपासणीसाठी वायरमनने गेन पाचवर आणून ठेवला होता. चिडून मी मिडल सातवर नेला, पेडलचा ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणून त्याची लेव्हल, म्हणजे बाहेर पडणाऱ्या आवाजाची पातळी, चढवली, आणि तार छेडली. पेडल ट्यूब स्क्रीमर या प्रसिद्ध पेडलच्या जातीचे असल्याने ७२० हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे मधल्या सुरांचा, पट्टा उचलून देते. तीन आठवडे त्या पट्ट्याचा गळा मीच मिडलच्या खुंटीने आवळत होतो. सूर सुटे झाले. घूं मात्र होतेच.

“आता स्पीकर बरा झाला,” असे म्हणून त्याने बिल लिहिले. स्पीकर फाटलेला नाही, हे मी त्याला आधीच सांगितले होते.