जास्त कोटींची कॅप्सूल म्हणजे आयबीएसवरचा इलाज नव्हे

आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, या वारंवार पोट दुखण्याच्या आणि शौच बिघडण्याच्या आजारावरचा एक मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरत असतो. मजकूर थोडक्यात असा: आयबीएस म्हणजे आतड्यातले चांगले जिवाणू संपणे. जास्तीत जास्त कोटी जिवाणू आणि जास्तीत जास्त प्रकार असलेली प्रोबायोटिक (जिवंत, उपयोगी जिवाणूंची) कॅप्सूल घ्या, परवडत नसेल तर रोज वाटीभर दही खा. सुरुवातीला गॅस वाढला तर ते बरे होण्याचे लक्षण. तीन महिन्यांत आतडे कायमचे सुधारते आणि सगळे नैसर्गिक असल्याने अपाय काहीच नाही. हे वाचून माणसे पैसे घालवतात, त्रास तसाच राहतो, आणि कधीकधी खरा आजार मागे दडून राहतो. म्हणून एकेक मुद्दा तपासू.

‘चांगले जिवाणू संपले म्हणून आयबीएस होतो.’

आयबीएसचे निदान जिवाणू मोजून होत नाही. डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या २०१६ च्या ‘रोम ४’ निकषांनुसार गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोट दुखायला हवे. त्यासोबत शौचाशी दुखण्याचा संबंध, शौचाच्या वेळांत बदल आणि मळाच्या स्वरूपात बदल, या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी हव्यात. तक्रारींची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वी झालेली असावी. आतड्याच्या नसा जास्त संवेदनशील होणे, आतड्याची हालचाल बिघडणे, जुलाबाच्या एखाद्या संसर्गानंतर त्रास मागे राहणे, अशी कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. जिवाणूंतला बदल हा त्यातला एक धागा. मळाचा नमुना पाठवून ‘तुमचे जिवाणू’ सांगणाऱ्या महागड्या चाचण्यांवरून कोणती कॅप्सूल घ्यावी हे ठरवता येत नाही.

‘जितके कोटी जास्त, तितका गुण जास्त.’

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होते. २००६ साली ब्रिटनमध्ये आयबीएस असलेल्या ३६२ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जिवाणू एकच, बिफिडोबॅक्टेरियम इन्फँटिस ३५६२४. मात्रा तीन: रोज १० लाख, १० कोटी आणि १००० कोटी. चार आठवड्यांनी फक्त १० कोटींच्या गटाला प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या, दिसायला तशाच कॅप्सूलपेक्षा) स्पष्ट आराम होता. १००० कोटींची कॅप्सूल का फसली हे शोधल्यावर कळले की इतकी पूड आत दाबून भरल्यामुळे ओल लागताच तिचा गोंदासारखा चिकट गोळा होत होता आणि ती नीट विरघळतच नव्हती. जिवाणू आत होते, पण बाहेर पडत नव्हते.

म्हणून कोटींच्या आधी स्ट्रेन, म्हणजे जिवाणूच्या प्रजातीतला नेमका वाण, पाहा. वेष्टनावर जिवाणूच्या कुळाचे आणि प्रजातीचे नाव असते, त्यापुढे आकडा किंवा अक्षरे हवीत, उदाहरणार्थ ‘प्लँटॅरम २९९व्ही’. तो आकडा नसेल तर कोणत्याही अभ्यासाचा दाखला त्या उत्पादनाला लागू होत नाही, कारण एकाच प्रजातीचे दोन स्ट्रेन वेगळे वागू शकतात. आपल्याकडे अनेक गोळ्यांवर अजून ‘लॅक्टोबॅसिलस स्पोरोजीन्स’ छापलेले असते. तो जिवाणू मुळात बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्स आहे, जुने नाव तेवढे टिकले आहे. दहा-बारा प्रकार एकत्र असले म्हणजे औषध जोरदार होते असेही नाही. मिश्रण जसेच्या तसे तपासलेले असेल तरच त्याला अर्थ. संख्या मुदत संपेपर्यंतची दिली आहे की बनवतानाची, तेही वाचा.

चांगला अभ्यास झालेल्या स्ट्रेनचीही खात्री देता येत नाही. २९९व्हीचा भारतात २१४ रुग्णांवर चार आठवडे अभ्यास झाला आणि २०१२ मध्ये चांगला निकाल आला. २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ८१ रुग्णांत आठ आठवड्यांनी प्लासिबोपेक्षा फरक दिसला नाही. अमेरिकेतल्या गॅस्ट्रोएंटरॉलॉजी तज्ज्ञांच्या एका संस्थेने २०२० मध्ये आयबीएससाठी प्रोबायोटिक्स संशोधनापुरतीच वापरावीत असे म्हटले. ब्रिटिश संस्थेने २०२१ मध्ये १२ आठवड्यांपर्यंत वापरून पाहायला हरकत नाही, पण अमुकच स्ट्रेन घ्या असे सांगता येत नाही, अशी भूमिका घेतली. आमच्या मते ब्रिटिश सल्ला रुग्णाच्या जास्त उपयोगाचा आहे, प्रयोग नीट केला तर.

नीट म्हणजे असा: आधी दोन आठवडे काहीही नवे सुरू न करता वही ठेवा. दिवसातल्या सर्वांत वाईट दुखण्याला ० ते १० गुण, शौचाच्या वेळा, आणि ब्रिस्टल तक्त्यावरचा (मळाच्या घट्ट-पातळपणाचे सात प्रकार चित्रांत दाखवणारा तक्ता) मळाचा प्रकार. मग एकच उत्पादन, वेष्टनावरच्या मात्रेत, रोज. त्याच काळात इसबगोल सुरू करू नका, गहू सोडू नका, दुसरी गोळी वाढवू नका, नाहीतर कशाने काय झाले ते कळणार नाही. गरम चहात किंवा दुधात पूड घालू नका, बरेचसे जिवाणू उष्णतेने मरतात. चार आठवडे तरी द्या. आठवड्याची दुखण्याची सरासरी ३० टक्क्यांनी खाली आली तर पुढे चालू ठेवा, १२ आठवड्यांत तेवढेही झाले नाही तर बंद करा.

‘गॅस वाढला म्हणजे औषध लागू पडतेय.’

पाकीट उलटे करून बारीक अक्षरे वाचा. ‘प्री-प्रोबायोटिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच उत्पादनांत फ्रुक्टोऑलिगोसॅकराइड किंवा इन्युलिन असते. कांदा, लसूण आणि गव्हात जे फ्रुक्टान असतात त्याच गटातले हे पदार्थ. मोठ्या आतड्यात ते आंबतात, गॅस होतो आणि संवेदनशील आतड्याला तेवढाही ताण दुखतो. चघळायच्या गोळ्यांत गोडीसाठी सॉर्बिटॉल किंवा मॅनिटॉल असेल तर जुलाबही होऊ शकतात. आयबीएसमध्ये हे घटक नसलेलेच निवडावे.

‘दही खाल्ले की झाले.’

दही उत्तम अन्न आहे. बऱ्याच जणांना ते दुधापेक्षा सोसते, कारण विरजताना थोडे लॅक्टोज (दुधातली साखर) खर्च होते. पण घरच्या विरजणात कोणता स्ट्रेन आणि किती, हे कोणी मोजलेले नसते. आवडत असेल आणि पोटाला मानवत असेल तर ताजे दही जरूर खा. औषध म्हणून बळेच खाऊ नका.

‘आतडे कायमचे बरे होते.’

बाहेरून घेतलेले जिवाणू बहुतेक वेळा आतड्यात मुक्काम करत नाहीत. बंद केले की काही दिवसांत ते मळात सापडेनासे होतात. शिवाय आयबीएसच्या चाचण्यांत प्लासिबोनेही साधारण तिसऱ्या हिश्शाइतक्या लोकांना आराम पडतो. म्हणून गुण आला तरी एकदा थांबवून पाहावे.

‘नैसर्गिक आहे, अपाय नाही.’

निरोगी माणसाला धोका कमी, हे खरे. पण २००८ साली नेदरलँड्समधल्या तीव्र स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांच्या चाचणीत प्रोबायोटिक दिलेल्या गटात १६ टक्के मृत्यू झाले, प्लासिबो गटात ६ टक्के. केमोथेरपी चालू असलेल्यांनी, प्रत्यारोपण झालेल्यांनी आणि मोठ्या शिरेत नळी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. प्रोबायोटिक म्हणून विकली जाणारी सॅकरोमायसिस बोलार्डी ही जिवाणू नसून यीस्ट (एक प्रकारची बुरशी) आहे, ती अशा रुग्णांच्या रक्तात शिरल्याच्या नोंदी आहेत.

आणि शौचावाटे रक्त, कारण नसताना घटणारे वजन, झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, हिमोग्लोबिन कमी होणे, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदा सुरू झालेला त्रास, किंवा घरात कोणाला आतड्याचा कर्करोग असणे, यातले काहीही असेल तर कॅप्सूलचे चार आठवडे मोजत बसू नका. आपल्याकडे आतड्याचा क्षयही असाच पोटदुखी आणि जुलाबांनी सुरू होऊ शकतो. त्याला वेळेवर तपासण्या आणि क्षयाची औषधे लागतात.