खुलासा: लिव्हरपूलचं विजेतेपद फक्त जेरार्डच्या पाय घसरण्यानं गेलं नाही

सोलापुरातल्या फुटबॉलवेड्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: '२०१४ मध्ये नॉर्विचला ३-२ असं निसटतं हरवल्यावर लिव्हरपूलला चेल्सीशी फक्त बरोबरी पुरेशी होती. जेरार्ड घसरला आणि लीग गेली.' हे अर्धवट आहे. (लीग म्हणजे इंग्लंडची प्रीमियर लीग, जेरार्ड म्हणजे लिव्हरपूलचा कर्णधार. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, आणि प्रत्येक संघाचे ३८ सामने.)

२० एप्रिलच्या त्या विजयानंतर लिव्हरपूलचे ३५ सामन्यांत ८० गुण होते, चेल्सीचे ७५. मेसेजमध्ये मँचेस्टर सिटीचं नावच नाही! सिटीचे ७१ गुण होते, पण ३३ सामन्यांत. म्हणजे हातात दोन सामने जास्त. उरलेले पाचही सामने जिंकून त्यांनी ८६ गुण केले.

२७ एप्रिलला ॲनफिल्डवर, म्हणजे घरच्याच मैदानावर, लिव्हरपूल चेल्सीशी ०-२ हरलं. पहिला गोल जेरार्ड घसरल्यावर डेंबा बानं केला, हे खरंच. पण पुढं क्रिस्टल पॅलेसविरुद्ध ३-० अशी आघाडी घेऊन, ७९व्या मिनिटापासून तीन गोल खाऊन ३-३ बरोबरी झाली, ते कुणी लिहीत नाही. शेवटी लिव्हरपूल ८४ वर थांबलं. चेल्सीशी बरोबरी झाली असती तरी ८५ च. बरोबरी पुरली असती, पण उरलेले दोन्ही सामने जिंकले असते तरच.

बरं, चेल्सीशी हरून पॅलेसला हरवलं असतं तर? लिव्हरपूल आणि सिटी दोघंही ८६ वर. मग गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) बघतात आणि त्यात सिटी बरीच पुढं होती.

त्या हंगामात संघाला तिथवर ओढून आणणाऱ्या कर्णधाराच्या माथी सगळं खापर फोडणं मला अन्यायाचं वाटतं. मेसेज पुढं पाठवायचाच असेल, तर पॅलेसचा सामना जोडून पाठवा.